न थांबणारे पायडल

यंत्रांचा इतिहास शिकवताना आम्हा प्राध्यापक मंडळींना एक सोयीची सवय लागते. फळ्यावर जिना काढायचा. खालच्या पायरीवर जुने यंत्र, वरच्या पायरीवर नवे. नवे आले, जुने अडगळीत गेले, आणि तास संपला! मीही पुष्कळ वर्षे हेच करीत आलो. एकदा सायकलीचा असा जिना काढून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, नवं यंत्र जन्मलं त्याचं साल तुम्ही सांगितलंत. जुनं मेलं केव्हा, ते नाही सांगितलंत." वर्ग हसला, मीही हसलो, आणि घंटा झाली म्हणून सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही. त्याचे उत्तर मला पुढे वाचता वाचता सापडले, ते इंग्लंडातल्या हिवाळ्यात चिखलाने माखलेल्या एका अगदी साध्या सायकलीच्या हकीकतीत. ती हकीकत आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. आपण सायकलवरून उताराला लागलो की पायडल मारायचे थांबतो. पाय जागच्या जागी राहतात, मागचे चाक फिरत राहते आणि त्यातून बारीक टिकटिक ऐकू येते. ही सारी किमया फ्रीव्हीलची. त्याच्या पोटात लहान लहान खिट्ट्या असतात. पुढे जोर दिला की त्या अडकतात, जोर काढला की घसरतात. आता ही योजनाच काढून टाका आणि दातेरी चक्र थेट मागच्या हबवर पक्के बसवा. मग काय होईल? चाक फिरते आहे तोवर पायडलही फिरणारच. चढ असो, उतार असो, वळण असो, पायांना विसावा नाही. उलटा जोर दिला तर चाक मंदावते, म्हणजे पाय हाच ब्रेक. इंग्रज याला 'फिक्स्ड व्हील' म्हणतात. आपण पक्के चाक म्हणू.

एके काळी सगळ्याच सायकली पक्क्या चाकाच्या होत्या. १८७० नंतर जी उंच चाकाची सायकल प्रचारात आली, तिची पायडले पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेली असत. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे हवे, म्हणून ते पन्नास-पंचावन्न इंचांपर्यंत वाढले. उतार लागला की बहाद्दर स्वार पाय उचलून हँडलवर टाकीत आणि खाली पायडले भिंगरीसारखी फिरत! १८८५ साली कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल काढली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, आणि चेनने मागचे चाक फिरवायचे. आज आपण वापरतो त्या सायकलीची हीच पणजी. १८८८ साली डनलॉपने बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि सायकलीचे हादरे कमी झाले. पण चाक अजून पक्केच होते.

मौज अशी की, उंच चाक गेले तरी त्याचे माप मागे राहिले. सायकल किती 'जड' चालते हे इंग्लंडात इंचांतच मोजू लागले. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास. पुढे ४८, मागे १८ आणि चाक २७ इंचांचे असले तर उत्तर येते ७२ इंच. म्हणजे ७२ इंच व्यासाच्या उंच चाकावर बसल्यासारखेच. जिन्यावरून उतरवलेले यंत्र असे हिशेबाच्या वहीत टिकून राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील बाजारात आले आणि सामान्य माणसाने सुटकेचा निःश्वास टाकला. १९०२ साली स्टर्मी आणि आर्चर यांच्या नावाने तीन वेगांच्या हबचे पेटंट झाले आणि नॉटिंगहॅमला तो हब तयार होऊ लागला. फ्रान्समध्ये चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर निघाले. 'टूर द फ्रान्स' या प्रसिद्ध शर्यतीचा संस्थापक आंरी देग्रांज असल्या सोयींना नाके मुरडीत असे. शर्यत यंत्राने जिंकायची नाही, मांड्यांच्या बळावर जिंकायची, असा त्याचा आग्रह. पण १९३७ साली त्या शर्यतीतही हे गिअर आले. आमच्या फळ्यावरच्या जिन्याप्रमाणे पक्क्या चाकाचा शेवट इथे व्हायला हवा होता.

तसा तो झाला नाही, आणि त्याला कारण इंग्लंडची हवा आणि तिथल्या कामगाराचा खिसा.

विलायतेत सायकल ही आरंभी श्रीमंतांची हौस होती. पुढे ती कामगारांची झाली. १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये निघालेला समाजवादी मंडळींचा 'क्लॅरियन' सायकल क्लब हे त्याचे उत्तम उदाहरण. आठवडाभर कारखान्यात राबायचे आणि रविवारी पन्नास-साठ मैलांची रपेट करायची, हा हजारो तरुणांचा धर्मच झाला. रस्त्यावर झुंडीने शर्यती करायला तिथल्या जुन्या संघटनेची मनाई होती. म्हणून १८९५ पासून घड्याळाविरुद्धच्या शर्यती रूढ झाल्या. भल्या पहाटे एकेक स्वार ठराविक अंतराने सुटायचा आणि ज्याचा वेळ कमी तो जिंकायचा. या शर्यती पुष्कळदा सपाट रस्त्यांवर होत, त्यामुळे एकच वेग असलेली सायकल चालून जाई.

शर्यतींचा हंगाम शरदात संपे. मग येई तो हिवाळा. तो आपल्या पुण्याच्या गुलाबी थंडीसारखा नव्हे! डिसेंबरात लंडनला दिवस जेमतेम आठ तासांचा. बर्फापेक्षा पाऊस अधिक; रस्त्यावर कुजलेली पाने, शेतातून आलेला चिखल आणि पहाटे काचेसारखा बर्फाचा पातळ थर. पुढे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रघात वाढला. चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून १८४४ पासून सैंधव निघते. तसल्या मिठाचे पाणी सायकलीच्या सांध्यासांध्यांत शिरू लागले. नाजूक गिअरांत वाळू शिरे, तारा गंजत, चेन महिन्या-दोन महिन्यांत झिजे. हे सारे दरसाल नवे घेण्याची ऐपत कोणाची होती? म्हणून क्लबातला पोरगा हिवाळा आला की चांगले सामान काढून, पुसून, कपाटात ठेवी. जुनी फ्रेम असली तर ती बाहेर काढी. नसली तर त्याच सायकलीला पक्के चाक लावी. झिजायला राहिले काय? एक चेन आणि दोन चक्रे. तीही स्वस्त.

आता ही हिवाळी सायकल सजवायची कशी, तेही पाहू. कारण या शास्त्रात पिढ्यांचे शहाणपण साठलेले आहे. पहिली गोष्ट दात्यांची. उन्हाळ्यापेक्षा गिअर हलका हवा. ६५ इंचांच्या आसपास, म्हणजे पुढे ४४ आणि मागे १८ दाते, हा मध्यम मार्ग. वारा समोरून आला तरी माणूस थकत नाही आणि पाय गोल, सैल फिरायला शिकतात. हंगामाच्या आरंभी ७२ इंचांहून जड गिअर वापरायचा नाही, अशा अटीच्या शर्यतीही इंग्लंडात होत असत, त्या याच समजुतीतून.

दुसरी गोष्ट हबची. मागच्या हबच्या एका बाजूला पक्के चक्र आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, अशी सोय असलेला हब घेतात. गुडघे दुखले की चाक काढून उलटे घालायचे. पक्के चक्र नेहमीच्या आट्यांवर बसते. पण पायाने उलटा जोर दिला की ते सुटू पाहणार. म्हणून त्याच्या बाहेरून उलट्या आट्यांची एक कडी आवळतात. जो जोर चक्राला सोडवू पाहतो, तोच जोर कडीला आवळतो. केवढी साधी युक्ती! ती कडी न लावता रस्त्यावर उतरणे म्हणजे जिवाशी खेळ.

तिसरी गोष्ट चेनची. ती पुढून मागे सरळ रेषेत हवी आणि बेताने ताणलेली हवी. मधोमध बोटाने दाबली तर वर-खाली मिळून अर्धा इंच हलावी. फार ताणली तर हब कुरकुरतो. फार सैल सोडली तर उतारावर उडते, आणि उडालेली चेन चाकात अडकली तर चाक जागच्या जागी थांबते. पुढचे चक्र क्वचितच अगदी वाटोळे असते. म्हणून पायडल पूर्ण फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ होते, तिथे माप घ्यायचे, हे जुन्या कारागिरांचे सांगणे.

चौथी गोष्ट पुढच्या ब्रेकची. पाय हा ब्रेक खरा, पण एकट्यावर भिस्त ठेवण्याजोगा नाही. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांनुसारही रस्त्यावरच्या सायकलीला दोन स्वतंत्र ब्रेक लागतात. पक्के चाक हा मागचा ब्रेक धरला जातो. पुढचा मात्र हवाच.

मग राहिले मडगार्ड, दिवे आणि टायर. टायर जरा रुंद घ्यायचे आणि हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे ओल्या रस्त्यावर पकड बरी मिळते. मागच्या मडगार्डच्या टोकाला रबराची लांब पट्टी लावायची. ती आपल्यासाठी नसते. आपल्या मागून येणाऱ्याच्या तोंडावर चिखल उडू नये म्हणून असते. क्लबाच्या रपेटीत पट्टी नसलेल्या माणसाला शेवटी राहावे लागले तर नवल नाही. खिशात नट सोडायचा पाना हवाच. पंक्चर झाले की त्यावाचून चाक निघत नाही.

आणि एवढे करून फायदा काय? पैसा वाचतो हा एक. दुसरा असा की निसरड्या रस्त्यावर पक्के चाक स्वाराशी बोलते. मागचे चाक जरा घसरू लागले तर ते तळपायाला आधी कळते. वेग कमी करायला ब्रेक कचकन दाबावा लागत नाही. पाय किंचित जड केले की पुरे. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ताशी ३० मैलांच्या वेगाने उतार उतरताना ६५ इंचांच्या गिअरवर पाय मिनिटाला दीडशेवर फेरे घेतात. घाबरून पाय थांबवायला गेलात तर सायकल तुम्हाला उचलून फेकील. वळणावर आतले पायडल रस्त्याला घासू शकते. पँटची बाहेर लोंबणारी कड चेनमध्ये गेली तर चाक थांबत नाही, पाय आत ओढला जातो. नवख्याने आधी मोकळ्या, सपाट जागी आठवडाभर सराव करावा, हेच बरे.

याच थंडीने दुसऱ्या देशात निराळेच उत्तर दिले, तेही पाहण्याजोगे आहे. इटलीत तुल्लिओ कॅम्पान्योलो नावाचा एक स्वार होता. त्या काळी शर्यतीत गिअर बदलायचा म्हणजे खाली उतरून, नट सोडून, चाक उलटे घालावे लागे. गोष्ट अशी सांगतात की १९२० च्या दशकात बर्फाळलेल्या एका घाटात त्याची बोटे इतकी गारठली की त्याला नट सोडवेना, आणि शर्यत हातची गेली. गोष्टीचे तपशील कसेही असोत. पुढे एका दांडीच्या झटक्यात चाक मोकळे करणारी युक्ती त्याने प्रचारात आणली आणि १९३३ साली व्हिचेंझा येथे कारखाना काढला. थंडीने इटलीत नवे यंत्र जन्माला घातले, इंग्लंडात जुने जिवंत ठेवले. दोन्ही उत्तरे शहाणपणाचीच होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठमोठ्या शहरांतल्या सायकलवरच्या टपालवाहकांनी पक्के चाक उचलले. पाठोपाठ ती तरुणांची फॅशन झाली. ओसरलीही. इंग्लंडातले काही जुने जाणते मात्र ऑक्टोबर सरला की आजही तळघरातून तीच सायकल काढतात. बंदिस्त धावपट्टीवरच्या शर्यतींत तर पक्के चाक कधी सुटलेच नाही.

आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळा आहे. आपली साधी, एका वेगाची, रुंद मडगार्डांची सायकल याच इंग्रजी घराण्यातली. तिच्यावर पूर्ण चेनकव्हर घालतात ते विलायतेतल्या चिखलापासून शिकलेले, आणि मुळा-मुठेच्या काठी ते तितकेच उपयोगी पडते. फ्रीव्हील आहे एवढाच फरक. दूधवाल्याने, पेपर टाकणाऱ्या पोराने चार महिन्यांच्या पावसात तीच का वापरावी, याचे कारण क्लबातल्या त्या कामगाराच्या कारणाहून वेगळे नाही. जे बिघडले तर कोपऱ्यावरच्या दुकानात दहा मिनिटांत नीट होते, तेच गरिबाला परवडते.

त्या विद्यार्थ्याला आज मी काय सांगेन? सांगेन की, बाबा रे, नवे आले म्हणून जुने मरत नाही. त्याचे काम संपले, किंवा त्याला दुरुस्त करणारे हात संपले, म्हणजे ते मरते. तोवर ते आपला ऋतू शोधून तिथे जगते. फळ्यावर जिना मी अजूनही काढतो. परीक्षेला लागतो तो! पण हल्ली त्याच्या शेजारी एक वाटोळे चाकही काढून ठेवतो.