तीन आलिशान मोटारी आणि कशेडीचा चढ

१९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत भारतीय बाजारात तीन मोठ्या मोटारी आल्या. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा इथून हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा, मद्रासहून स्टँडर्ड २०००, आणि आपल्या मुंबईच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची ११८ एनई. तिघींच्या जाहिरातींचा सूर एकच होता : ही साधी गाडी नव्हे, ही ‘लक्झरी सलून’ आहे. (सलून म्हणजे केस कापायचं दुकान एवढंच ठाऊक असलेल्या माझ्या गावात या शब्दाने बरीच करमणूक केली होती.) डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली होती आणि सगळ्या देशाचं लक्ष त्या इवल्याशा गाडीकडे लागलं होतं. त्यामुळे मोटारींचा इतिहास लिहिणारे या तीन गाड्यांना दोन-चार ओळींत उरकतात. मला मात्र या गाड्यांपेक्षाही त्यांच्याबद्दल झालेली भांडणं महत्त्वाची वाटतात. एकच गाडी एकाला देखणी, दुसऱ्याला थोराड. एकाला राजेशाही, दुसऱ्याला मरतुकडी. ही मतं इतकी टोकाची का होती, हे शोधायला गेलं की त्या काळच्या सरकारी परवान्यांपासून कोकणातल्या घाटांपर्यंत सगळं त्यात सापडतं.

आधी या मोटारींचं कूळ पाहू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

काँटेसा या इटालियन शब्दाचा अर्थ सरदारीण. ही सरदारीण जन्माने इंग्रज. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीची ‘व्हिक्टर’ ही गाडी १९७२ साली नव्या रूपात आली आणि १९७८ मध्ये बंद पडली. तिचे साचे हिंदुस्थान मोटर्सने विकत घेतले. लांबलचक बॉनेट, सपाट टप, मागे भरपूर मोठी डिकी, साडेचार मीटरहून अधिक लांबी. अँबेसेडरच्या गोलाईला कंटाळलेल्या डोळ्यांना ही गाडी अमेरिकन वाटली. पण बॉनेट उघडलं की आत तेच ओळखीचं इंजिन : अँबेसेडरचं १,४८९ घनसेंटिमीटरचं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं.

स्टँडर्ड २००० चं कूळ आणखी मोठं. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीची एसडी-१ ही मोटार १९७६ साली आली आणि १९७७ चा युरोपातला ‘सर्वोत्तम मोटार’ हा किताब तिने पटकावला. डेव्हिड बाख या आराखडाकाराने तिला फेरारीच्या तोडीचं धारदार नाक आणि मागे उतरता टप दिला होता. रोव्हरमध्ये सुरुवातीला साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं, १५५ अश्वशक्तीचं. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने तिचं शरीर घेतलं आणि पोटात आपल्याकडचं १,९९१ घनसेंटिमीटरचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलं, ८३ अश्वशक्तीचं. या इंजिनाचं मूळ १९४७ च्या स्टँडर्ड व्हॅनगार्ड गाडीत आहे आणि फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या इंजिनाशी त्याचं जवळचं नातं आहे. नाक फेरारीचं आणि सोयरीक नांगरटीची, असा हा प्रकार.

तिसरी ११८ एनई. शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिलं वाहन बाहेर पडलं. आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, मग फियाट. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे कुर्ल्याची फियाट, हे समीकरण कोकणी माणसाला शिकवावं लागत नाही. (या कारखान्याच्या कामगारांत ज्यांचा दबदबा होता ते डॉ. दत्ता सामंत आमच्या मालवण तालुक्यातल्या देवबागचे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) ११८ एनईचं शरीर १९६६ च्या फियाट १२४ चं, स्पेनच्या सिएट कंपनीमार्गे आलेलं. ती फियाटसुद्धा १९६७ ची ‘सर्वोत्तम मोटार’. इंजिन मात्र जपानी, निस्सानचं १,१७१ घनसेंटिमीटरचं, ५२ अश्वशक्तीचं. नावातलं ‘एनई’ ते हेच, निस्सान इंजिन.

म्हणजे पाहा, दोन गाड्यांत दिसायला नवं शरीर आणि आत म्हातारं हृदय. तिसरीत एकोणीस वर्षांचं जुनं शरीर आणि आत तरणं हृदय. असं का झालं? याचं उत्तर आवडीनिवडीत नाही, परवान्यांत आणि परकीय चलनात आहे. १९८० च्या सुमारास अख्ख्या देशात वर्षाला तीस-चाळीस हजारांच्या आसपास मोटारी तयार होत होत्या. एवढ्याशा बाजारासाठी पत्रा ठोकायचे नवे साचे कोण करून घेणार? परदेशात बंद पडलेल्या गाडीचे साचे स्वस्तात मिळत. इंजिनाचं तसं नव्हतं. इंजिन बाहेरून आणायचं तर करार, परवाना, परकीय चलन, आणि काही वर्षांत त्याचे सुटे भाग इथे बनवण्याची हमी. त्यापेक्षा घरात यंत्रं मांडलेली आहेत ते जुनंच इंजिन वापरणं कंपनीला सोपं. प्रीमिअरने दुसरी वाट धरली, पण त्यासाठी साच्यांच्या बाबतीत तिला आणखी मागे जावं लागलं.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. काँटेसाच्या पोटातलं १,४८९ घनसेंटिमीटरचं इंजिन मुळात इंग्लंडच्या ऑस्टिन-मॉरिस घराण्याचं. १९५२ साली निस्सानने त्याच ऑस्टिनशी करार केला आणि १९५५ पासून जपानमध्ये ऑस्टिन ए-५० ही गाडी बांधायला घेतली. तिच्यात हेच इंजिन होतं. जपानी कारागीर त्यावर शिकले, त्यातल्या खोडी त्यांनी ओळखल्या आणि १९६० च्या दशकात आपली हलकी इंजिनं काढली. त्या मालिकेतलं एक पुढे ११८ एनईत आलं. म्हणजे निस्सान ज्या पाठशाळेतून पंचवीस वर्षांपूर्वी उत्तीर्ण होऊन गेली, तिथलंच पहिलीचं पुस्तक उत्तरपाड्याने १९८४ साली मखमली वेष्टनात घालून आलिशान म्हणून विकलं. हे जरा कठोर वाटेल, पण मला दुसरे शब्द सुचत नाहीत.

आता भांडणांकडे वळू. ती ऐकायची तर मुंबई-गोवा महामार्गासारखी दुसरी जागा नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली १९९८ साली. त्याआधी मुंबईहून सिंधुदुर्गात यायचं म्हणजे एसटी, ट्रॅव्हल्सची बस किंवा गाडी. ज्याची ऐपत झाली तो गणपतीला, मेच्या सुट्टीत स्वतःच्या किंवा ओळखीच्या गाडीने येई. सुमारे पाचशे किलोमीटरची वाट. पनवेल सोडलं की पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, मग कशेडी घाट, पुढे भोस्ते, परशुराम, आणि राजापूर-खारेपाटणपर्यंत चढ-उतार संपतच नाहीत. कसालला महामार्ग सोडून मालवणकडे वळलं की अरुंद रस्ता, वाडीत शिरलं की पाणंद, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. मोटारीच्या परीक्षेला इतकं सगळं एका वाटेवर क्वचित मिळतं.

या वाटेवर काँटेसाबद्दल दोन तट पडत. मागच्या सीटवर बसून आलेला माणूस तिची तारीफ करी. पाय लांब करता येतात, खड्डे अंगाला लागत नाहीत, डिकीत गणपतीचं सगळं सामान मावतं. ड्रायव्हरला विचारावं तर तो वेगळंच सांगे. सपाटीला ठीक, पण पाच माणसं, भरलेली डिकी आणि एसी चालू अशा अवस्थेत कशेडी चढताना गाडी दुसऱ्या गिअरवर येई, आणि मागून येणारा एसटीवाला हॉर्न मारून जीव नकोसा करी. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच जोरावर फिरतो. मुळात ५० अश्वशक्ती, त्यातली काही तो खाणार. म्हणून घाट लागला की एसी बंद, काचा खाली, हा रिवाजच पडला. आलिशान मोटारीत बसून घाम पुसायचा. मालवणीत अशा गाडीबद्दल ‘चढाक दम लागता’ एवढंच म्हणतात आणि त्यात सगळं आलं.

स्टँडर्ड २००० आमच्याकडे फार थोड्यांनी पाहिली. १९८८ पर्यंत तिचं उत्पादन संपलंही. तिच्या रूपाबद्दलचा वाद मजेदार होता. आपल्या लेखी मोठ्या गाडीला तीन खण हवेत : पुढे इंजिन, मध्ये माणसं, मागे डिकी. हिचा टप सरळ शेपटीपर्यंत उतरत गेलेला आणि मागचा अख्खा काचेचा दरवाजा वर उघडणारा. कित्येकांना ही गाडी अपुरी वाटे, जणू डिकी बसवायची राहून गेली. शिवाय मूळ रोव्हर जमिनीलगत बसलेली होती. आपल्या रस्त्यांवर ती खाली लागली असती, म्हणून मद्रासला तिची उंची वाढवली. ते गरजेचंच होतं. पण बाखने आखलेली ती जमिनीला धरून धावणारी रेषा बिघडली आणि गाडी उंच टाचा घातल्यासारखी दिसू लागली. पेट्रोल तर ती वाडग्याने प्यायची. रूप विलायती, तहान ट्रकची, असा बोलबाला झाल्यावर गिऱ्हाईक टिकणं अवघड होतं.

११८ एनईबद्दलची मतं याच्या बरोबर उलटी. दिसायला ती चौकोनी डबा. कुर्ल्याच्या फियाटचा थोरला भाऊ यापलीकडे शेजाऱ्यांना तिच्यात काही दिसत नसे, आणि एवढे पैसे मोजून शेजाऱ्याला काही दिसलंच नाही तर आलिशान गाडीचा उपयोग काय, असा सरळ हिशेब मांडणारेही होते. पण चालवणारे खूश. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला; हिचा खाली, हाताशी, आणि लोण्यासारखा पडणारा. इंजिन आवाज न करता फिरे. कशेडीत काँटेसाला मागे टाकून ११८ एनई पुढे जाई, तेव्हा ५० आणि ५२ या आकड्यांत खरं म्हणजे काहीच फरक नव्हता. फरक वजनाचा होता आणि इंजिन वेगाने फिरायला किती राजी आहे याचा. पाणंदीत वळवायलाही ती सोपी, कारण शरीर आटोपशीर.

इथपर्यंत ही मागच्या सीटची, स्टिअरिंगची आणि शेजाऱ्याची अशी तीन मतं वाटतात, आणि ज्याची त्याची आवड म्हणून विषय सोडून देता येईल. पण १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काँटेसाच्या बाबतीत जे झालं त्यामुळे तो तसा सोडता येत नाही. हिंदुस्थान मोटर्सने जपानच्या इसुझूशी करार केला आणि काँटेसात १.८ लिटरचं, ८८ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं, पाच गिअरसह. काँटेसा क्लासिक ती हीच. शरीराचा ढाचा तोच होता. तरी लोकांचं तिच्या रूपाबद्दलचं मत बदललं. पूर्वी जिला म्हैस म्हणत, तिला आता दणकट म्हणू लागले. बॉनेटची जी लांबी पोकळ डौल वाटत होती, ती ताकदीची खूण वाटू लागली. मंत्र्यांच्या ताफ्यात, सिनेमातल्या खलनायकाच्या दारात ती शोभू लागली. पत्रा तोच असताना रूप कसं सुधारलं?

माझं उत्तर असं. गाडीचं रूप आणि तिचा दम यांची फारकत आपण केली. आराखडा काढणाऱ्याने केली नव्हती. व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं सर्वांत लहान इंजिन १,७५९ घनसेंटिमीटरचं होतं. ते शरीर तेवढ्या किंवा त्याहून मोठ्या इंजिनासाठीच आखलेलं. इसुझूच्या १.८ लिटरने काँटेसाला नवं काही दिलं नाही, तिचं हरवलेलं परत दिलं. फियाट १२४ मूळची १,१९७ घनसेंटिमीटरची. तिच्यात १,१७१ चं निस्सान बसलं आणि जुनं शरीर असूनही गाडी एकजीव झाली. रोव्हरला साडेतीन लिटरच्या जागी ट्रॅक्टरचा भाऊबंद मिळाला आणि तिचं देखणेपण सोंगासारखं दिसू लागलं. शरीर जे वचन देतं ते इंजिनाने पाळलं नाही की डोळा त्या शरीरालाच दोष देऊ लागतो. काँटेसाला थोराड म्हणणारा आणि तिला देखणी म्हणणारा, दोघेही खरं बोलत होते. एकाने गाडी कशेडीत पाहिली होती, दुसऱ्याने गेटवेसमोर उभी असलेली.

यावर कोणी म्हणेल, मग ११८ एनई देखणी का ठरली नाही? कारण एकजीव असणं वेगळं आणि काळाबरोबर असणं वेगळं. १९६६ मध्ये तिचा साधेपणा ताजा होता, १९८५ मध्ये तो जुनाट झाला होता. त्याच फियाटच्या आराखड्यावर रशियात १९७० पासून लाडा गाड्यांचे ढीग निघत होते. अशा चेहऱ्याला आलिशान म्हणवून घेणं कठीणच होतं. इतकं असूनही तिघींतून एक निवडायची झाली तर मी हीच निवडेन, कारण मला मालवणला पोचायचं असतं.

पुढे हाच खेळ पुन्हा झाला. १९९० मध्ये मारुती १००० आली, डौलदार आणि ९७० घनसेंटिमीटरची. तिलाही चढाक दम लागला, आणि १९९४ मध्ये तेच शरीर १.३ लिटरच्या इंजिनासह एस्टीम म्हणून आलं तेव्हा तक्रार मिटली. १९९५ साली पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीझ बांधली जाऊ लागली, ती डब्ल्यू-१२४ या मालिकेतली. त्याच वर्षी जर्मनीत गोल दिव्यांची नवी ई-क्लास तिच्या जागी आली होती, त्यामुळे इथे जुनंच रूप खपवतात अशी कुरबुर झाली. पण दमाबद्दल मात्र कोणाची तक्रार नव्हती, आणि जुन्या कोनाकार मर्सिडीझलाच खरी मर्सिडीझ मानणारे आजही पुष्कळ आहेत.

११८ एनई नव्या शतकाच्या सुरुवातीला थांबली, काँटेसा २००२ मध्ये. सिंधुदुर्गातल्या एखाद्या जुन्या घराच्या पडवीशेजारी ताडपत्रीखाली लांबलचक बॉनेटची एखादी अजून दिसते. पावसाळ्यात खाऱ्या हवेने तिचा पत्रा आधी दाराखालून जातो. आणि कशेडीला आता बोगदा झाला आहे. चढ चढावाच लागत नाही, एसी चालू ठेवून कोणतीही गाडी दोन-चार मिनिटांत पलीकडे निघते.