बिनतारी यंत्राचा परवाना आणि घरातला पासवर्ड

आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प १ मधून, शहाड स्टेशनच्या अंगाला असलेल्या वस्तीतून बोलतो आहोत. आज विषय आहे घरातल्या वायफायचा. भिंतीवर एक छोटा डबा असतो, त्यात हिरवे दिवे लुकलुकतात, आणि तारेशिवाय मोबाईल चालतो. त्या डब्याला राउटर म्हणतात. केबलवाला येतो, तासाभरात जोडून जातो. सरकारी परवाना कुणी मागत नाही. पण आपल्या आजीच्या काळात घरात बिनतारी यंत्र ठेवायचं म्हणजे परवाना लागायचा. तो परवाना कसा आला आणि कसा गेला, ते आज सांगतो. कारण त्याचा संबंध आपल्या घरातल्या पासवर्डशी आहे.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. रेडिओ ऐकायचा तर वर्षाला १० रुपयांचा परवाना काढावा लागे. मग १९३३ मध्ये इंग्रज सरकारने बिनतारी यंत्रांसाठी वेगळा कायदा केला. १ जानेवारी १९३४ पासून तो लागू झाला. परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरला. तार ओढली तर ती दिसते, कापता येते. हवेतून जाणारा आवाज अडवता येत नाही, म्हणून सरकारने यंत्रावरच हात ठेवला.

या कायद्याला उघड आव्हान दिलं ते उषा मेहता या तरुणीने. १९४२ चा ऑगस्ट महिना. 'चले जाव'ची हाक दिल्यावर गांधीजींसह सगळे मोठे पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा २२ वर्षांच्या उषाताईंनी सोबत्यांना घेऊन मुंबईतच गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्टला त्यांचा आवाज पहिल्यांदा हवेत गेला. पोलिसांना ठिकाण कळू नये म्हणून प्रक्षेपणाचं यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत राहावं लागे. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी धाड घातली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. घरातल्या खोलीतून बिनतारी यंत्र चालवण्याची एवढी किंमत होती.

त्याच महायुद्धाच्या काळात आमची ही वस्ती म्हणजे लष्कराची छावणी होती. तिला कल्याण कॅम्प म्हणत. सैनिकांसाठी लांबच लांब बराकी बांधल्या होत्या. युद्ध संपलं, छावणी रिकामी झाली. मग १९४७ ची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं या बराकींत राहायला आली. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं. मध्ये भिंत नाही, म्हणून चादरी आणि गोणपाटाचे पडदे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी त्यासाठी आले होते. आमचे 'कॅम्प १', 'कॅम्प २' हे पत्ते अजूनही त्या छावणीचेच आहेत.

निर्वासितांच्या छावण्या देशभर होत्या. हरियाणातल्या कुरुक्षेत्राची छावणी फार मोठी. १२ नोव्हेंबर १९४७, दिवाळीचा दिवस. गांधीजींना तिथल्या लोकांशी बोलायचं होतं, पण त्या दिवशी जाणं जमलं नाही. म्हणून ते दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रावर गेले आणि रेडिओवरून बोलले. रेडिओ केंद्रावर जाऊन ते बोलले ते त्या एकाच दिवशी. बरोबर पाच वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, उषाताईंचा रेडिओ बंद पाडला होता. ज्यांच्याकडे घर उरलं नव्हतं, त्यांच्यापर्यंत धीराचा शब्द हवेतूनच पोचला.

स्वातंत्र्य आलं, तरी परवाना राहिला. रेडिओ घेतला की पोस्टात जायचं, परवान्याचं छोटं पुस्तक काढायचं आणि दरवर्षी पैसे भरायचे. पुढच्या काळात ही रक्कम वर्षाला १५ रुपये होती. तुमच्याही घरात एखाद्या जुन्या पेटीत ते पुस्तक सापडेल. ते बहुतेक घरातल्या पुरुषाच्या नावावर असेल. १९८० च्या दशकाच्या मध्यावर हा परवाना रद्द झाला.

ऐकायला मोकळीक मिळाली, बोलायला अजून नव्हती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. पुढे २००६ मध्ये सरकारने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी दिली. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ मध्ये सुरू झाली, तेलंगणातल्या माचनूर इथे दलित बायकांचा संघम रेडिओ त्याच वर्षी बोलू लागला.

आता वायफायकडे येऊ. वायफाय म्हणजे काही नवी जादू नाही. रेडिओसारख्याच लहरी, फक्त पल्ला घरापुरता. त्यांचा मुख्य पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने हा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी घरात आणि घराबाहेरही परवान्याशिवाय मोकळा केला. १९३४ मध्ये ज्या गोष्टीसाठी दंड किंवा तुरुंग होता, ती आता कुणीही भिंतीवर टांगू शकतं.

मोकळेपणाबरोबर जबाबदारी आली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ई-मेल गेला होता. तपास नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायपर्यंत पोचला. त्या वायफायला नीट कुलूप नव्हतं, बाहेरच्या कुणीतरी ते वापरलं होतं. घरच्या माणसाला मात्र चौकशीला तोंड द्यावं लागलं. त्यानंतर मुंबईचे पोलीस लॅपटॉप घेऊन रस्त्यांवर फिरले आणि कुणाचं वायफाय उघडं आहे ते शोधू लागले. लहर भिंतीपाशी थांबत नाही, ती गल्लीतही जाते. म्हणून पासवर्ड हवाच.

घरी वायफाय घेणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. डबा घराच्या मधोमध आणि उंचावर लावा. लोखंडी कपाटामागे, पाण्याच्या टाकीजवळ किंवा मायक्रोवेव्हशेजारी लावू नका. पत्रा लहर परत फिरवतो, पाणी ती शोषून घेतं. जुन्या बराकीसारख्या जाड भिंती असतील तर २.४ चा पट्टा जास्त आत पोचतो. ५ चा पट्टा वेगवान, पण भिंतीत लवकर दमतो. जोडणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. डब्याच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. शेजारणीला द्यायचं असेल तर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क चालू करा, म्हणजे मुख्य पासवर्ड घरातच राहतो.

आणि आता खरा मुद्दा. पूर्वी परवाना सरकारच्या हातात होता. आज तो पासवर्ड होऊन घरात आला आहे. तो कुणाच्या हातात आहे? बऱ्याच घरांत तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या मोबाईलमध्ये असतो. तो रागावला की बदलतो. मुलीचा अभ्यास थांबतो, सुनेचा माहेरचा व्हिडिओ कॉल थांबतो, गटाचे पैसे पाठवायचे राहतात. पोस्टातलं पुस्तक पुरुषाच्या नावावर होतं, तसंच हे पुन्हा होऊ द्यायचं का? पासवर्ड कागदावर लिहा, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या बाईला तो कागद कुठे आहे ते माहीत असू द्या.

घराबाहेरही दार उघडलेलं आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकान, चहाची टपरी किंवा गटाचं दुकानही गिऱ्हाइकांना वायफाय देऊ शकतं. त्यासाठी दुकानाला परवाना नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. इंटरनेट जोडणी घ्यायची आणि सरकारकडे नोंदलेल्या मध्यस्थ कंपनीशी जोडून घ्यायचं.

हवा आपोआप मोकळी झाली नाही. उषाताई तुरुंगात गेल्या, कोणी न्यायालयात भांडलं, गावोगावच्या बायकांनी माईक मागून घेतला. आपल्या वाट्याला त्यापेक्षा सोपं काम आलं आहे. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की प्रत्येकीला एवढंच विचारा : बाई, तुझ्या घरच्या वायफायचा पासवर्ड तुला माहीत आहे का? आणि जिला माहीत नसेल तिला सांगा, आज घरी गेल्यावर विचारून घे.