आधी मैदान, मग घरे

मुंबईस दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी टेकणाऱ्या माणसाला ते मैदान पलीकडच्या समुद्राइतकेच जुने वाटते. वास्तविक त्याला जेमतेम शंभर वर्षे झाली. महापालिकेने ते १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क असे होते. शिवछत्रपतींच्या जन्माचे तेव्हा रूढ असलेले इसवी साल १६२७ चे. त्या हिशेबाने १९२७ हे त्रिशताब्दीचे वर्ष आले, आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे मैदानास महाराजांचे नाव मिळाले. भोवतालच्या देखण्या, दोन-तीन मजली इमारती बहुतेक त्यानंतरच्या. म्हणजे तेथे मैदान थोरले आणि घरे धाकटी. आम्हांला जे सांगावयाचे आहे ते या थोरल्या-धाकट्याच्या नात्याविषयीच आहे.

ही रीत मुंबईने हौसेने स्वीकारलेली नाही. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि शहर धडाधड ओस पडू लागले. सरकार हादरले, आणि १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. सक्तीने जमिनी घेणे, कोंदट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, नवी उपनगरे वसविणे हे त्याचे काम. रोग कुबट हवेतून पसरतो अशी तेव्हाच्या पुष्कळ अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते पश्चिमेचा समुद्रवारा थेट शहराच्या पोटात यावा अशा बेताने काढले गेले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पुढे सिद्ध झाले. निदान चुकले खरे, पण त्या चुकीच्या निदानापोटी शहराला वारा मिळाला!

दादर-माटुंग्याची योजना हे ट्रस्टचे सर्वांत नेटके काम. भातशेते आणि वाड्या असलेल्या जमिनीवर घराची पहिली वीट बसण्यापूर्वी कागदावर रस्ते आखले गेले, झाडांच्या रांगा ठरल्या, बागांच्या जागा राखल्या गेल्या. भूखंड पट्ट्याने दिले, आणि इमारत किती उंच न्यावयाची, भोवती किती जागा सोडावयाची, याची बंधने घालून दिली. माटुंग्याची ‘फाइव्ह गार्डन्स’ ही याच आखणीची देणगी. तिला लागून असलेल्या पारशी कॉलनीचे जनक, अभियंता मंचेरजी जोशी यांचे नाव आज त्या बागांना आहे. बागेची जागा कोणा घरमालकाच्या मेहेरबानीवर अवलंबून नव्हती. घरमालक येण्यापूर्वीच ती सार्वजनिक झाली होती.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. ट्रस्टने ज्यांच्या खोल्या पाडल्या त्या हमाल-मजुरांना माटुंग्याचे भाडे परवडणारे नव्हते. त्यांतले बहुतेक शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत जाऊन अधिक दाटीने राहिले. बागेतला वारा मिळाला तो कारकून, वकील आणि शिक्षक यांना. गिरणगावातली पोरे गल्लीत आणि चाळीच्या चौकात खेळली. कबड्डीचे कित्येक नामवंत संघ त्या अरुंद जागेतूनच निघाले, हा त्या पोरांचा पराक्रम. नगररचनेला त्याचे श्रेय देता येणार नाही.

म्हणून गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न जेव्हा पुढे आला, तेव्हा ती जुनी बाकी फेडण्याची संधी होती असे आम्ही मानतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक भोंगा मुका झाला. शहराच्या मध्यावर सुमारे सहाशे एकर जमीन नव्या वापराची वाट पाहत राहिली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक चांगला नियम होता: गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा तर ढोबळमानाने तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, तिसरा हिस्सा स्वस्त घरांसाठी म्हाडाला, आणि उरलेला मालकाला. सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करण्यासाठी १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. मग २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. हिस्सा संबंध जमिनीचा न धरता, बांधकाम नसलेल्या मूळच्या मोकळ्या जमिनीचाच धरावयाचा असे ठरले. ज्याने गिरणी पाहिली आहे त्याला या शब्दांचा अर्थ लगेच कळेल. गिरणी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याची आणि कौलांची छपरे. मोकळे असते ते आवार तेवढे. तिसऱ्या हिश्शाचा तिसरा हिस्सा शब्द बदलून आवारापुरता उरला! पर्यावरणवाद्यांनी न्यायालयात दाद मागितली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि परळ-लोअर परळला काचेचे मनोरे उभे राहिले.

दादरच्याच कोहिनूर गिरणीच्या जागेवर पुढचा अंक घडला. मोठ्या भूखंडावर इमारत बांधताना त्याचा ठराविक भाग, १९९१ च्या नियमाप्रमाणे क्षेत्रानुसार १५ ते २५ टक्के, खेळ व विरंगुळ्यासाठी मोकळा ठेवावा लागे. ही जागा वाहनतळाच्या छतावर, ज्याला पोडियम म्हणतात त्यावर, दाखविली तर चालेल काय, हा वाद होता. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालणार नाही असे सांगितले. ती जमिनीवरच हवी. पुढे २०१८ च्या नियमावलीत काही भाग पोडियमवर देण्याची मुभा पुन्हा आलीच. पोडियमवरच्या बागेत हिरवळ असते, घसरगुंडी असते, दारावर रखवालदारही असतो. वडाचे झाड मात्र तेथे वाढत नाही, आणि समोरच्या चाळीतला मुलगा तेथे शिरू शकत नाही.

तो मुलगा मग शिवाजी पार्कवर येतो. पोडियमवर चेंडू खेळू दिला नाही म्हणून मनोऱ्यातला मुलगाही तेथेच येतो. मैदान सुमारे अठ्ठावीस एकरांचे. १९२५ पासून ते वाढलेले नाही आणि वाढणारही नाही. भोवतालच्या तीन मजली इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत, त्यांच्या जागी कितीतरी पट उंच घरे येत आहेत, आणि त्या घरांचा नकाशा मंजूर करताना या मैदानावर आणखी किती पावले पडणार हे त्या नकाशात कोठेच मांडावे लागत नाही. पहाटे तेथे जाऊन पाहावे. एका संघाच्या सीमारेषेवर दुसऱ्या संघाचा यष्टिरक्षक उभा असतो, आणि दोघांच्या मधून फिरायला आलेले आजोबा डोके सांभाळीत वाट काढीत असतात.