पेशीपेशींमधील आरएनएचे टपाल

वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूर आणि नांदेडला येणारा प्रत्येक विद्यार्थी एक गोष्ट हमखास पाठ करतो : केंद्रकातील डीएनएचा निरोप आरएनए पेशीद्रवात नेतो आणि तेथे प्रथिन तयार होते. हा प्रवास एकाच पेशीत संपतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. ‘एक्झोसोम’ या पुटिकांनी तो समज मोडीत काढला.

एक्झोसोम म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली, मेदपटलाने वेढलेली अतिसूक्ष्म पिशवी. तिचा आकार ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे हजारावा भाग. १९८०च्या दशकात मेंढीच्या अपक्व तांबड्या रक्तपेशींत या पुटिका दिसल्या, तेव्हा पेशी नकोसा माल बाहेर टाकते, एवढाच त्यांचा अर्थ लावला गेला. १९९६ मध्ये बी पेशींच्या पुटिका टी पेशींना चेतवतात, असे आढळले. खरी कलाटणी मिळाली ती २००७ मध्ये. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी उंदराच्या मास्ट पेशींचे (ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) एक्झोसोम माणसाच्या मास्ट पेशींना दिले आणि काही काळाने मानवी पेशींत चक्क उंदराची प्रथिने सापडली! पुटिकेतून आलेला आरएनए परक्या पेशीने वाचला होता.

याच पुटिकांत मायक्रोआरएनएही होते. जेमतेम २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे हे रेणू स्वतः प्रथिन घडवत नाहीत. संदेशवाही आरएनएला चिकटून त्याचे काम रोखतात. त्यांच्या शोधाबद्दल व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रवकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टी पेशी प्रतिजन दाखवणाऱ्या पेशीला भिडते, तेव्हा त्या सांध्यातून मायक्रोआरएनए तिच्याकडून समोरच्या पेशीकडे, एकाच दिशेने जातात, असे माद्रिदच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले काम याच वाटेवरचे आहे. तरुण उंदरांच्या अस्थिमज्जेतील आधारपेशींच्या सहवासात वृद्ध उंदरांच्या रक्तमूलपेशींची क्षमता सुधारली. पेशीतील टाकाऊ भाग पचवणाऱ्या ‘ऑटोफॅजी’शी संबंधित आरएनए सूक्ष्म पुटिकांमधून पोहोचल्याचा हा परिणाम होता. रोगप्रतिकारक पेशी पुढे याच रक्तमूलपेशींपासून तयार होतात.

मात्र सगळेच निर्विवाद नाही. एखादा विशिष्ट मायक्रोआरएनए मोजला, तर सरासरी एका एक्झोसोममध्ये त्याची एक प्रतही भरत नाही, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. मग एवढ्या तोकड्या मालावर दुसऱ्या पेशीचे वर्तन बदलते कसे, हा वाद अजून मिटलेला नाही.

प्रयोगशाळेत वाद सुरू असताना बाजार मात्र पुढे धावला आहे. केसगळतीपासून गुडघेदुखीपर्यंत ‘एक्झोसोम उपचारां’च्या जाहिराती शहरांतून झळकतात. नेब्रास्का राज्यात अशा उत्पादनांनंतर रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला. तोवर या प्रशासनाने एकाही एक्झोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नव्हती.