उलटं प्रश्नचिन्ह

स्पॅनिशमध्ये प्रश्न लिहिताना सुरुवातीलाच एक उलटं प्रश्नचिन्ह (¿) टाकतात, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. माद्रिदला आलो तेव्हा मला तो निव्वळ नखरा वाटला होता. शेवटी एक चिन्ह आहे ना, मग दारात आणखी एक कशाला?

उत्तर मिळालं प्रयोगशाळेत. नायट्रोजनचं सिलिंडर मागच्या खोलीत, मी यंत्रापाशी नळी सोडवायच्या बेतात. तेवढ्यात बोळातून आमच्या तंत्रज्ञाचा आवाज आला, "एस्ता थेर्रादा". म्हणजे "बंद आहे". वा, यानेच झडप बंद केली वाटतं, असं म्हणून मी नळी सोडवली... आणि फुस्स! दाब कमी होता म्हणून एका दाबमापकावर निभावलं. तो बिचारा सांगत नव्हता, विचारत होता. शब्द तेच, क्रम तोच, फक्त शेवटी सूर जरा वर. तो माझ्या "सी"ची, म्हणजे होकाराची वाट बघत होता.

इंग्रजीत क्रियापद पुढे येतं, हिंदीत 'क्या' आधीच वर्दी देतो. मराठीत "आलास?" असं नुसत्या सुरावर भागतं खरं, पण वाक्य जरा लांबलं की आपण 'का' जोडतोच. स्पॅनिशमध्ये हो-नाहीच्या प्रश्नाला असा हुकमी शब्द नाही. बोलताना सूर आहे, पण कागदावर? मोठ्याने वाचणारा चार ओळींचं वाक्य सपाट सुरात वाचत जाणार आणि शेवटी चिन्ह दिसल्यावर कपाळावर हात मारणार.

नेमकी हीच अडचण रेआल आकादेमिया एस्पान्योला या 1713 साली स्थापन झालेल्या भाषासंस्थेने ओळखली. तिचं शुद्धलेखनाचं पहिलं पुस्तक 1741 चं. दुसरी आवृत्ती 1754 ची, आणि तीत शिफारस आली की प्रश्न लांब असेल तर जिथून प्रश्नाचा सूर लागतो तिथे तेच चिन्ह उलटं करून घालावं. छोट्या प्रश्नांना तेव्हा गरज मानली नव्हती. छापखान्यांनी काही लगेच मनावर घेतलं नाही, एकोणिसाव्या शतकातलीही कितीतरी पुस्तकं त्याविना सापडतात. पुढे मात्र ते सगळ्याच प्रश्नांना चिकटलं. आमच्या शेतातली खुंटीच ती, वाक्याच्या आरंभी नव्हे, प्रश्नाच्या आरंभी ठोकायची. "पाऊस नसेल तर ¿बागेत जायचं?" असं.

(मराठीत विरामचिन्हं रुळवली ती मेजर कँडी यांनी, एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या धर्तीवर. 'का' हाताशी असल्यावर त्यांना उलट्या चिन्हाची आठवण कशाला होतेय!)

उत्तराची गोष्टही मजेची आहे. रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये 'हो'साठी एक ठरलेला शब्द नव्हता. ते क्रियापदच परत म्हणायचे, नाहीतर 'सिक' म्हणायचे, म्हणजे 'असं'. त्या 'सिक'चं झिजून 'सी' झालं. "येतोस का?" "येतो." हे आपलं घरगुती उत्तर म्हणजे अगदी रोमन पद्धत!

आणि 'का?' ला स्पॅनिशमध्ये 'पोर के', तर 'कारण' ला 'पोर्के'. प्रश्नात दोन शब्द आणि जोर 'के'वर, उत्तरात एकच शब्द आणि तो जोर गायब. नवशिक्याला वाटतं की समोरचा आपलाच प्रश्न आपल्याला परत करतोय. पहिले सहा महिने मला तसंच वाटायचं.

पाब्लो नेरुदाने आपल्या कवितांत सुरुवातीचं चिन्ह टाकलंच नाही, नुसतं शेवटचं. मोबाईलवर संदेश पाठवणारी पोरंही तेच करतात, अर्थात कवितेसाठी नव्हे, आळसापायी. मी आमच्या तंत्रज्ञाला लिहिताना मात्र दोन्ही टाकतो. आणि तो बोळातून ओरडला की उठून बघून येतो.