काट्यावरचा आकडा आणि त्यामागचा टोमणा

अंजनवेलहून बोलतेय. घर गोपाळगडाच्या वाटेवर असल्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये वारा घुसणारच, तेवढं चालवून घ्या. आजचा इतिहास मात्र गडाचा नाही, वजनकाट्याचा आहे. तुमच्यातले बरेच जण नर्सिंग, एमबीबीएस, बीएएमएस करताय. हा भाग खास तुमच्यासाठी.

सुरुवात जुन्या काळापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिंदितीय' नावाचा अध्याय आहे. त्यात निंदित मानलेली आठ प्रकारची शरीरं सांगितलीयत: फार उंच, फार बुटकं, फार केसाळ, बिनकेसांचं, फार काळं, फार गोरं, फार जाडं आणि फार बारीक. म्हणजे जाडा आणि हडकुळा एकाच यादीत! जाडेपणाच्या कारणांमध्ये अति खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं हे आहेच. पण त्याच यादीत 'बीजस्वभाव'सुद्धा आहे. बीजस्वभाव म्हणजे आईबापांकडून आलेलं. "खातो म्हणून जाडा" एवढं सोपं उत्तर चरकानंही दिलं नव्हतं.

आता येऊ बीएमआयकडे. हे सूत्र डॉक्टरनं काढलेलं नाही. अडोल्फ केटले नावाचे बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती होते. १८३० च्या दशकात ते 'सरासरी माणूस' शोधत होते. मोठ्या माणसांत वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्यांना दिसलं. त्यांना समूहाचा अभ्यास करायचा होता, समोरच्या माणसाला आजार आहे का हे बघायचं नव्हतं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज यांनी याच सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. त्यांनी तपासलेले सगळे पुरुष होते. बाई एकही नाही!

मग आपल्या पुण्यात काय झालं बघा. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं तपासली तेव्हाही हेच दिसलं. जन्माच्या वेळी त्यांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं टिकून राहिलेली. म्हणून भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी मर्यादा खाली आणली. २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता.

याचा अर्थ काय? बारीक दिसणाऱ्यालाही डायबेटिस असू शकतो, आणि जाड दिसणारा आळशी असतो असं नाही. नुसतं बघून निदान होत नाही.

आणि नुसतं बघून बोललं की काय होतं, ते माझ्या घरात घडलंय. माझी आत्या गुडघे दुखतात म्हणून दोन एसटी बदलून एका हॉस्पिटलात गेली. ती काट्यावर चढताना एक शिकाऊ मुलगा म्हणाला, "जपून हं काकू, काटा मोडेल." बाकीचे हसले. आत्याही हसली. घरी आल्यावर म्हणाली, "मी परत नाही जायची." दोन वर्षं गेली नाही. पायाची जखम भरेना, तेव्हा ओढून नेली. साखर कधीपासून वाढलेली होती, देव जाणे. गुडघ्यांसाठी गेली असती तर तेव्हाच रक्त तपासलं असतं.

त्या मुलाला दुष्ट म्हणत नाही मी. त्याला कुणी शिकवलंच नसेल. २०२० मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये एकत्र निवेदन काढलं. वजनावरून हिणवल्यानं शरीराला आणि मनाला इजा होते, आणि माणसाला उपचार मिळणंही अवघड होतं, असं त्यात म्हटलंय. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद शिकवायला वेळ राखून ठेवलाय. त्या तासाला हा विषय तुम्ही काढा ना!

आणि वॉर्डात उद्यापासून एवढं करा. काटा आडोशाला ठेवा. आकडा मोठ्यानं ओरडू नका. "वजनाबद्दल बोललं तर चालेल का?" असं आधी विचारा. मोठ्या दंडाला बीपीचा मोठा पट्टा वापरा. लहान पट्ट्यानं बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. आणि पेशंट गुडघा दाखवायला आलाय ना? मग आधी गुडघा बघा.

वजनावर बोलूच नका, असं मी म्हणत नाहीये. बोला, पण असं बोला की माणूस पुढच्या तारखेला परत येईल.

हा भाग तुमच्या बॅचच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!