आप्पासाहेब चांद्याला होते

सौंसरहून नागपूरच्या वाटेला लागा. आज सौंसर पांढुर्णा जिल्ह्यात येतं, पण तुम्ही निघालात १८१७ च्या जानेवारीअखेरीस, आणि ही सारी वाट भोसल्यांच्या मुलखातली आहे. खळ्यांवर ज्वारीची मळणी चाललीय. अंतर सत्तरेक किलोमीटर. बैलगाडीला घाई करू नका. १ फेब्रुवारीच्या सकाळी महालात पोचलात की पुरे.

देवडीवर गर्दी आहे. परसोजी राजे बिछान्यात मृत सापडलेत. दुसरे रघूजी २२ मार्च १८१६ ला वारले, तेव्हापासून गादी त्यांच्या या मुलाची. पण तो अधू आणि दुर्बळ, म्हणून कारभार चुलतभाऊ मुधोजीकडे, म्हणजे आप्पासाहेबांकडे. मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला तोही त्यांनीच. परसोजींना मूल नाही. आता गादी कुणाची, हे देवडीवरच्या हुजऱ्यालाही ठाऊक आहे.

“आप्पासाहेब कुठे आहेत?” तुम्ही विचारता.

“चांद्याला. चार दिवस झाले असतील.”

इथून तुमचं काम सुरू होतं: गळा दाबून मारल्याची कुजबुज आहे, तेव्हा मारलं कुणी? चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, दीडशेएक किलोमीटरवर. वाटेत घोडे बदलले तरी रात्रीतून येऊन, काम उरकून, उजाडायच्या आत परत जाणं माणसाला जमणारं नाही. शिवाय कारभाऱ्याबरोबर लवाजमा असतो. तो गायब झाला तर छावणीभर बोभाटा होईल. आणि चांद्याला जायला निमित्त शोधावं लागत नाही. तो प्रांत त्यांचे वडील व्यंकोजी यांच्याकडचा. तेव्हा पहिली नोंद करा: हात आप्पासाहेबांचा नव्हता.

पण गळा दाबायला मालकाने स्वतः यावं लागतं थोडंच! हुकूम सांडणीस्वाराबरोबर जातो, किंवा निघण्यापूर्वीच कानात सांगून ठेवता येतो. मग शेजघराकडे वळा. रात्री पहाऱ्यावर कोण होतं, पाळी कधी बदलली, समई कुणी विझवली, आत शेवटचं कोण गेलं, सकाळी आधी कुणी पाहिलं? मानेवर वळ आहे का, तेही पाहायचं आहे. पण शवविच्छेदन या काळात नाही, आणि चितेनंतर वळ उरत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्याही कानावर संशय जातो, पण हाती पुरावा लागत नाही. आप्पासाहेब गादीवर बसतात आणि कंपनी त्यांना राजा म्हणून वागवते.

आता वर्षभर पुढे या. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेबांची फौज आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली. मार्च १८१८ मध्ये त्याच जेंकिन्सने आप्पासाहेबांना अटक केली, आणि मागे दबून राहिलेला खुनाचा आरोप आता ठामपणे पुढे आला. साक्षी द्यायच्या कुणी? राजवाड्यातल्यांनीच. तिथे दुसऱ्या रघूजींची विधवा बाकाबाई आप्पासाहेबांच्या विरोधातल्या. पुढे गादीवर बसवलेल्या लहानग्या तिसऱ्या रघूजीच्या पालक त्याच झाल्या. म्हणून साक्ष खोटीच ठरते असं नाही. पण साक्षीदार कुणाच्या छत्राखाली बोलतो, ते पानाच्या समासात लिहून ठेवा.

१३ मे १८१८ ला आप्पासाहेब शिपायाच्या वेषात कैदेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत शिरले. सौंसरच्या उत्तरेचा हा गोंडांचा मुलूख. पळाला म्हणून तो खुनी, असं म्हणाल? कंपनीने गादी काढून घेतली, आणि त्यांना अलाहाबादेकडे नेत होती. निरपराध माणूसही पळाला असता.

इंग्रज इतिहासकारांनी मात्र निकाल दिला: परसोजींचा गळा आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून दाबला, आणि संशय येऊ नये म्हणून ते आधीच चांद्याला गेले होते. हे वाक्य नीट तपासा. आप्पासाहेब महालात असते तर ‘जवळच होते’ हा पुरावा झाला असता. नव्हते, तर ‘मुद्दाम गेले’ हा पुरावा झाला. हजर असो वा गैरहजर, माणूस दोन्हीकडून दोषी ठरत असेल, तर त्या गैरहजेरीला पुरावा म्हणून वजनच उरत नाही.

१८७२ च्या पुरावा कायद्यात उदाहरण होतं: गुन्हा कलकत्त्याला, आरोपी त्या दिवशी लाहोरला. अन्यत्र हजेरी ज्याने सांगितली, सिद्धही त्यानेच करायची. आप्पासाहेबांना ते जड गेलं नसतं. ते चांद्याला होते हे आरोप करणारेच सांगतात. पण हा बचाव फक्त हाताच्या आरोपातून मोकळं करतो, हुकमाच्या नाही. हुकूम मात्र फिर्यादीने सिद्ध करायचा: कुणाला दिला, कधी, कुणादेखत. गादीचा लाभ हे कारण झालं, कृती नव्हे.

तुमच्या वहीत दोन ओळी उरतात. स्वतः खून केल्याचा आरोप फेटाळला. करवल्याचा संशय दाट, पण निरोप्या कोण, हे सत्ता हाती नसलेल्या साक्षीदाराच्या तोंडून कळेपर्यंत शाबीत नाही. सही करा आणि खाली तारीख १८१८ ची नको, १ फेब्रुवारी १८१७ चीच घाला. त्यानंतरच्या पुराव्यात राजकारणाची भेसळ आहे.